वाचक विचारतात : वर्सिटीत बसायचे की क्लबमध्ये खेळायचे?

प्रश्न : आम्ही मूळचे नागपूरचे. यजमानांच्या नोकरीमुळे बरीच वर्षे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहिलो आणि दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणामुळे स्वावलंबीनगरातील घरी परत आलो. मुलाचा जन्म तिकडचाच. शाळेची शेवटची दोन वर्षे पूर्ण करण्यासाठी तो माझ्या बहिणीकडे राहिला आहे. पाच वर्षांचा असल्यापासून तो आइस हॉकी खेळतो आणि यंदा शाळेच्या मुख्य संघात डिफेन्सला होता. आता त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक लहान खासगी महाविद्यालय आहे. त्याचा संघ एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, डिव्हिजन तीनमध्ये खेळतो (डिव्हिजन एक हा सर्वांत वरचा स्तर). तिथल्या कोचने ‘निवड चाचणीला ये, पण पहिल्या वर्षी सामने मिळतील असे सांगत नाही, एक वर्ष ज्युनिअर हॉकी खेळून आलास तर अधिक बरे’, असे कळवले आहे. दुसरे राज्याचे मोठे विद्यापीठ आहे. तिथे मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे, पण हॉकीचा फक्त क्लब संघ आहे. यजमान म्हणतात की क्लब म्हणजे टाइमपास, इतक्या वर्षांची मेहनत वाया जाईल. मला खर्चाची, अभ्यासाची आणि दुखापतीची काळजी वाटते. डिव्हिजन तीनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती मिळते का? आम्ही त्याला काय सांगावे?
– एक आई, नागपूर

उत्तर : शिष्यवृत्तीचे आधी सांगतो, कारण त्यात संदिग्धता नाही. डिव्हिजन तीनमधील महाविद्यालयांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. एनसीएएचा तसा नियमच आहे. गुणवत्तेवर किंवा कुटुंबाच्या आर्थिक परिस्थितीवर मिळणारी मदत खेळाडूलाही मिळते, पण इतर विद्यार्थ्यांना ज्या निकषांवर मिळते त्याच निकषांवर, आणि ही मदत वाटताना खेळाडूंना झुकते माप दिले जात नाही ना, यावर एनसीएएचे लक्ष असते. त्यामुळे पैशांच्या बाबतीत कोचचे तोंडी आश्वासन हिशेबात धरू नये. महाविद्यालयाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाचे पत्र हाती येईल तेवढेच खरे मानावे. मुलगा अमेरिकेचा नागरिक असल्याने आपण नागपुरात राहत असलात तरी तो सरकारी आर्थिक मदतीचा ‘फाफ्सा’ अर्ज भरू शकतो. आपले इथले उत्पन्न त्यात डॉलरमध्ये दाखवावे लागते. खासगी महाविद्यालयाचे छापील शुल्क पाहून घाबरू नये, कारण मदत वजा जाता हाती येणारी रक्कम बरीच वेगळी असू शकते. उलट सरकारी विद्यापीठाच्या बाबतीत एक गोष्ट आजच लेखी विचारून घ्यावी : आईवडील आता भारतात असताना मुलाला राज्याच्या रहिवाशाचे शुल्क लागेल की बाहेरच्याचे? या दोन शुल्कांत एवढी तफावत असते की हॉकीचा सगळा खर्च त्यापुढे किरकोळ ठरावा.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण माझ्या मते खरी गाठ तिथे आहे. आपल्याकडे महाविद्यालयाच्या संघातून विद्यापीठाच्या संघात निवड होते, आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून मुलगा कलर होल्डर होतो, आणि त्याला पुढे मान व कधी नोकरीतही उपयोग मिळतो. या चौकटीतून पाहिले तर वर्सिटी म्हणजे विद्यापीठाचा संघ आणि क्लब म्हणजे मोहल्ल्यातले मंडळ असे वाटणे स्वाभाविक आहे. तिकडची रचना तशी नाही. वर्सिटी संघ, जसा त्या लहान महाविद्यालयाचा आहे, तो महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाचा असतो; पगारी कोच, प्रवासाचा खर्च, बर्फावरची सरावाची वेळ आणि बरेचसे साहित्य महाविद्यालय पुरवते. क्लब संघ हा त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा, विद्यापीठाकडे नोंदणी झालेला, पण बहुतांशी विद्यार्थ्यांनीच चालवलेला संघ असतो. वर्गणी खेळाडू देतात, आणि ती संघागणिक काही शे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत जाते. अशा संघांची देशव्यापी संघटना म्हणजे अमेरिकन कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, म्हणजेच एसीएचए. ती १९९१ साली स्थापन झाली. पुरुषांसाठी तिचे तीन आणि महिलांसाठी दोन स्तर आहेत, आणि प्रत्येक स्तराची राष्ट्रीय स्पर्धा होते.

या संघांना टाइमपास म्हणणे अन्यायाचे होईल, आणि त्याला भक्कम दाखले आहेत. पेन स्टेट विद्यापीठाचा पुरुष संघ २०१२पर्यंत क्लब संघच होता. मोठी देणगी मिळाल्यावर तो डिव्हिजन एकमध्ये गेला आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चार संघांत पोहोचला. अॅरिझोना स्टेटने २०१४ मध्ये एसीएचएचे विजेतेपद मिळवले आणि पुढच्याच वर्षी तो संघ डिव्हिजन एकमध्ये दाखल झाला. हे अर्थातच वरच्या स्तरावरील क्लब संघ होत. खालच्या स्तरांवर असेही संघ आहेत जिथे निम्मे खेळाडू परीक्षेच्या आठवड्यात सरावाला फिरकत नाहीत. म्हणून ‘क्लब’ या शिक्क्यावरून काही ठरवू नका. त्या विद्यापीठाचा संघ कोणत्या स्तरावर खेळतो, कोच पगारी आहे का, निवड चाचणीला किती जण येतात आणि किती घेतले जातात, हे मुलाने संघाच्या विद्यार्थी अध्यक्षाला पत्र लिहून विचारावे. उत्तर किती लवकर आणि किती नीट येते, त्यावरूनही त्या संघाचा कारभार कळतो.

कोचने जे कळवले आहे, ते मात्र अत्यंत गांभीर्याने वाचायला हवे. हॉकीच्या एका सामन्यासाठी साधारणतः बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन आणि दोन गोलरक्षक तयार केले जातात. एका वेळी बर्फावर सहा जण असतात आणि चाळीस-पन्नास सेकंदांनी गोलरक्षक सोडून बाकीची तुकडी बदलते. संघाच्या यादीत मात्र पंचवीस-तीस नावे असतात. ज्यांना त्या दिवशी जर्सी मिळत नाही ते कोट-टाय घालून प्रेक्षागारात बसतात, कधी आकडेवारी टिपतात, सामना संपल्यावर सोबत्यांचे अभिनंदन करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांइतकाच कठोर सराव करतात. डिव्हिजन तीनमध्ये नियमित हंगामाचे सामने जास्तीत जास्त पंचवीस. जागा सहा डिफेन्समनच्या आणि आपला मुलगा क्रमाने सातवा किंवा आठवा असेल, तर पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला यातले किती येतील याचा अंदाज कोचने आधीच दिला आहे. तो प्रामाणिक माणूस दिसतो, आणि त्याच्या प्रामाणिकपणाचा उपयोग करून घ्यावा. मुलाने त्याला थेट विचारावे : पुढच्या वर्षी किती डिफेन्समन पदवी घेऊन बाहेर पडत आहेत, नवे किती येणार आहेत, आणि त्यांत तुम्ही मला कितवा धरता?

ज्युनिअर हॉकीचा सल्लाही हवेतला नाही. आपल्याकडे बारावीनंतर मुलगा थेट महाविद्यालयात जातो. अमेरिकन महाविद्यालयीन हॉकीत मात्र शाळेनंतर एक-दोन वर्षे ज्युनिअर लीगमध्ये खेळून विसाव्या-एकविसाव्या वर्षी पहिल्या वर्गात बसणारे खेळाडू सर्रास असतात. डिव्हिजन एकमध्ये तर हे जवळजवळ गृहीतच आहे, आणि तीनमध्येही बरेचसे तसेच. अठरा वर्षांच्या मुलाला बचावात अंगाने भरलेल्या एकवीस वर्षांच्या फॉरवर्डला अडवायचे असते. शिवाय २०२५-२६च्या हंगामापासून कॅनडाच्या प्रमुख ज्युनिअर लीगमधील, म्हणजे सीएचएलमधील खेळाडूंना डिव्हिजन एकची दारे उघडली गेली. पूर्वी ती बंद होती. वरच्या जागांसाठी अशी गर्दी झाली की तिथे न मावलेले चांगले खेळाडू खाली सरकतात, हे ओघाने आले. ज्युनिअरचे वर्ष घ्यायचे तर ते घरापासून दूर, बहुधा परक्या कुटुंबात राहून, खिशातून पैसे घालून काढावे लागू शकते, आणि इंजिनिअरिंगचा प्रवेश एक वर्ष राखून ठेवायला विद्यापीठ तयार आहे का, याचे लेखी उत्तर त्याआधी हवे. माझे मत विचाराल तर, ज्याला डिव्हिजन एकपर्यंत जायची खरोखर आशा आहे त्यानेच हे वर्ष द्यावे. कोचने फक्त ‘अधिक बरे’ म्हटले म्हणून देऊ नये.

अभ्यासाच्या दृष्टीने एक गोष्ट आपल्या पत्रात नाही, आणि ती सर्वांत आधी तपासायला हवी : त्या लहान महाविद्यालयात इंजिनिअरिंग आहे का? अशा अनेक महाविद्यालयांत ते नसते. तीन वर्षे तिथे भौतिकशास्त्र किंवा गणित आणि पुढची दोन वर्षे दुसऱ्या विद्यापीठात इंजिनिअरिंग, अशी जोड-व्यवस्था असते. तसे असेल तर मुलगा हॉकीसाठी जे महाविद्यालय निवडतो आहे ते त्याला चौथ्या वर्षी सोडावे लागेल. त्याला मेकॅनिकल मनापासून हवे असेल, तर ही एकच गोष्ट निर्णयाला पुरेशी आहे.

दोन्हीकडे वेळ जातो, फक्त वेगवेगळ्या प्रकारे. वर्सिटीत सराव, व्यायामशाळा, व्हिडिओ पाहणे आणि शुक्रवार-शनिवारचे दौरे आखलेले असतात, आणि प्राध्यापकांना त्याची कल्पना असते. क्लब संघाला रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, भाड्याने घ्यावी लागते आणि उरलेल्या वेळा मिळतात. रात्री साडेदहाला सराव सुरू व्हावा, मध्यरात्री ओले पॅड बॅगेत कोंबून गाडी चालवत परतावे आणि सकाळी आठला थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला बसावे, असे तिथे होते. एखाद्या दिवशी दांडी मारली तर वर्सिटीत जागा जाते, क्लबमध्ये बहुधा जात नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला ही सवलत मोलाची आहे.

दुखापतीबद्दलची आपली काळजी रास्त आहे, कारण पुरुषांच्या हॉकीत अंगाने धडक देण्यास दोन्हीकडे परवानगी असते आणि डोक्याला बसणारा मार ही खरी भीती आहे. एनसीएएमध्ये संपूर्ण चेहरा झाकणारे संरक्षण सक्तीचे आहे आणि मारामारी करणाऱ्याला पुढच्या सामन्यालाही मुकावे लागते. वर्सिटी संघाबरोबर प्रशिक्षित ट्रेनर, म्हणजे दुखापतींवर लक्ष ठेवणारा माणूस, असतो. क्लबच्या बाबतीत मात्र विचारून घ्या : सरावाला आणि बाहेरगावच्या सामन्याला असा माणूस सोबत असतो का, आणि डोक्याला मार बसल्यावर खेळाडूला परत उतरवायचे की नाही हे कोण ठरवते? याचे उत्तर ‘कॅप्टन’ असे आले, तर तो संघ मला चालणार नाही, मग तो कितीही चांगला खेळो.

एवढे सगळे पाहता, आपण सांगितलेल्या परिस्थितीत माझा कौल विद्यापीठाला आणि त्याच्या क्लब संघाला आहे. पहिल्या वर्षापासून नियमित खेळणे, हवी ती शाखा आणि कमी असण्याची शक्यता असलेला एकूण खर्च, असे तिन्ही एकत्र मिळत असताना, प्रेक्षागारातल्या खुर्चीसाठी ते सोडू नये. माझा हा कौल दोन गोष्टींनी बदलेल. कोचने यादीतली जागा लेखी कळवली आणि लहान महाविद्यालयातले शिक्षणही मुलाला मनापासून आवडले, तर त्याने जरूर तिकडे जावे. वर्सिटीतून क्लबकडे येणारे पुष्कळ असतात, क्लबमधून वर्सिटीत जाणारे फार थोडे, आणि वर्सिटीची शिस्त हे स्वतःच एक शिक्षण आहे. यजमानांनाही एक विनंती. मुलगा इतकी वर्षे पहाटे उठून बर्फावर गेला. ती मेहनत त्याच्या अंगात आहे आणि कोणत्या जर्सीत तो ती वापरतो यावर ती वाया जाणे अवलंबून नाही. त्याच्याशी बोलताना ‘फक्त क्लब’ हे शब्द टाळावेत. बहुतेक महाविद्यालये प्रवेश निश्चित करायला १ मेपर्यंत मुदत देतात. त्याआधी वरील सगळी पत्रे मुलाने स्वतः लिहावीत, मावशीने किंवा आपण नव्हे, कारण कोच आणि क्लबचे पदाधिकारी खेळाडूशीच बोलू इच्छितात.

प्रश्न : मी नागपुरात इनलाइन स्केट्सवर रोलर हॉकी खेळलो आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेला जात आहे. तिथल्या क्लब संघात मला घेतील का? जाण्यापूर्वी काय तयारी करू?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : लगेच पहिल्या संघात जागा मिळेल अशी अपेक्षा धरू नका, पण खेळायला मिळणार नाही असेही नाही. मोठ्या विद्यापीठांत एकाहून अधिक क्लब संघ असतात, आणि ज्या विद्यापीठांजवळ रिंक आहे त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांची अंतर्गत लीगही चालते, जिथे नवशिक्यांचा वेगळा गट असतो. पहिले वर्ष त्या लीगमध्ये काढा आणि दुसऱ्या वर्षी क्लबच्या चाचणीला जा. पदव्युत्तर विद्यार्थ्याला घेतात का आणि किती विषय घेतलेले असावे लागतात, हे उन्हाळ्यातच विचारून ठेवा, कारण चाचण्या सत्र सुरू होताच होतात.

आपल्या शहरात पूर्ण मापाची बर्फाची रिंक नसल्याने इथे बर्फावरची तयारी होणार नाही, आणि त्यासाठी देहरादूनला किंवा हिवाळ्यात लेहला जाण्याचा खर्च मी सुचवणार नाही. पुढे ढकलणे, वळणे, काठीवर चेंडू किंवा पक (आइस हॉकीतली रबरी चकती) सांभाळणे हे इनलाइनवरून बर्फावर बऱ्यापैकी जाते. जात नाही ते थांबणे. बर्फावर पाते आडवे करून बर्फ खरवडत थांबतात. चाकांवर ती सवय लागलेलीच नसते, आणि नवा खेळाडू नेमका तिथेच कडेच्या फळीवर आदळतो. म्हणून पोहोचल्यावर पहिले काही आठवडे सार्वजनिक स्केटिंगच्या वेळेत दोन्ही बाजूंनी थांबण्याचाच सराव करा. हेल्मेट आणि ग्लोव्हज इथून नेले तर चालतील, पण हेल्मेट तिथल्या लीगला मान्य आहे का ते आधी पाहा. बाकी पॅड तिथे वापरलेले स्वस्तात मिळतात. स्केट्स मात्र नवे किंवा जुने, दुकानात पायात घालूनच घ्या. हॉकीचे स्केट्स नेहमीच्या बुटांपेक्षा साधारण एक ते दीड माप लहान लागतात, त्यामुळे इथून अंदाजाने मागवलेले हमखास सैल निघतात.