वाचकांचे प्रश्न: चाप ओढला, बार उडाला नाही

प्रश्न: शेतराखणीची .315 बोअरची जुनी रायफल वारसाने परवान्यासह माझ्याकडे आली. थंडीत पहाटे चाप ओढला की नुसतं ‘खट्’ वाजतं. दुपारी मात्र त्याच पेटीतली काडतुसं उडतात. बोल्टमध्ये नियमित खोबरेल सोडतो. फायरिंग पिन बदलावी का? (केळी बागायतदार, रावेर तालुका)

उत्तर: पिन राहू द्या, आधी खोबरेल बंद करा. ते साधारण 24 अंशांखाली थिजतं, आणि सातपुड्याच्या पायथ्याला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, आणि त्याच्या पोटात पिनेभोवती स्प्रिंग असते. तिथे तेल थिजलं की पिनेचा जोर तेलातच मरतो आणि टोपीवर (काडतुसाच्या बुडातली, ठोका बसताच पेटणारी) उथळ ठोका बसतो. न उडालेलं काडतूस आणि उडालेली पुंगळी शेजारी ठेवून टोपीवरचा खड्डा पाहा, फरक लगेच दिसेल. गोडेतेलही नको, ते सुकून चिकट होतं.

तुमची रायफल ली-एन्फिल्ड (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) धाटणीची असेल, तर बोल्टचं पुढचं डोकं आट्यांवर असतं आणि हाताने फिरवून निघतं. मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा, मगच बोल्ट बाहेर घ्या. डोकं अडलं तर पकड लावू नका, आधी रॉकेलमध्ये भिजवा. डोकं काढलेला बोल्ट उभ्या भांड्यात रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी काळा, चिकट गाळ निघेल. रॉकेल स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा, मग निथळून पूर्ण कोरडा करा. त्यानंतर शिलाई मशीनचं पातळ तेल, फक्त दोन थेंब. जिनिंगच्या आणि कपाशीच्या हंगामात हवेत तंतू असतात, ते जास्तीच्या तेलाला धरून बसतात.

डोकं परत लावताना आटे पूर्ण बसू द्या. पिन सुटलेल्या स्थितीत तिचं टोक बोल्टच्या तोंडाबाहेर सुमारे 1 मिलिमीटर यायला हवं आणि ते गोल, गुळगुळीत हवं. टोक झिजलेलं, तुटकं किंवा खड्डे पडलेलं असेल तेव्हाच पिन बदलायची. सगळं स्वच्छ असूनही ठोका उथळच येत असेल, तर स्प्रिंग थकली असं समजा. पिन आणि स्प्रिंग काढायला खास पाना लागतो, ते काम परवानाधारक कारागिराचं.

एक कारण सहज नजरेतून निसटतं. बोल्टचा दांडा पूर्ण खाली बसलेला नसेल, तर पिनेचा जोर दांडा खाली ढकलण्यातच जातो. चाप ओढताच दांडा आपोआप खाली सरकताना दिसला, तर दोष इथेच आहे. बहुतेक वेळा चेंबर मळलेलं असतं, म्हणून तेही ब्रशने साफ करा.

बार चुकला की नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 30 सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. टोपी कधी कधी उशिरा पेटते.

प्रश्न: ओळखीच्यांच्या रायफलचा बोल्ट माझ्या रायफलला बसतो. तात्पुरता वापरला तर? (सुरक्षारक्षक, चोपडा)

उत्तर: अजिबात वापरू नका. बसतो म्हणजे जुळतो असं नाही. या काडतुसाचं माप बुडाच्या काठावर धरलेलं असतं, आणि बोल्ट त्या एका रायफलला मापून बसवलेला असतो. बोल्ट आणि काडतूस यांमधली फट जास्त झाली तर पुंगळी बुडाजवळ फाटते आणि तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. दांड्याच्या बुडाशी आणि रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर) कोरलेले नंबर ताडून पाहा.

प्रश्न: चाप फार जड आहे. सीअर (चाप ओढेपर्यंत पिन अडवून धरणारा खटका) कानसीने घासू का? (शिरपूर)

उत्तर: नको. वरचा कडक थर गेला की खालचं लोखंड भराभर झिजतं आणि रायफल धक्क्याने सुटू लागते. या चापाला मुळातच दोन टप्पे असतात. पहिला हलका, दुसरा जड, तो दोष नव्हे. चाचणी अशी करा: रिकामी रायफल कॉक करून (पिन ताणून धरलेल्या स्थितीत आणून) दस्ता गोणपाटावर दोन-तीनदा आपटा. मागचा कॉकिंग पीस (पिनेच्या मागच्या टोकाला जोडलेला तुकडा) सुटला, तर रायफल त्याच दिवशी वापरातून काढा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, म्हणून ती गावच्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे देऊ नका.