‘एवढा खर्च झाला, आता माघार कशी घ्यायची?’

छत्रपती संभाजीनगरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न कुणी ना कुणी घेऊन येतंच. लातूरला नीटची पुन्हा तयारी करणाऱ्या मुलाची आई येते, पोराला तालमीत ठेवलेले वडील येतात. लेकरासाठी आईनं परगावी खोली करून राहणं मराठवाड्यात आता नवं राहिलेलं नाही. वडील शेतावर, आई लेकरापाशी, असं दोन चुलींवर घर चालतं. मग मनासारखा निकाल लागेना झाला की विचारतात, ‘मॅडम, एवढा खर्च झाला, आता माघार कशी घ्यायची? आणि नाही घेतली तर कुठवर रेटायचं?’

उत्तरादाखल एका टेनिसपटू मुलीची गोष्ट सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दाम लिहीत नाही.

अंबड तालुक्यात मोसंबीची बाग. मुलगी सहावीत गेली तेव्हा आईनं गारखेड्यात खोली घेतली, कारण तिथून क्रीडा संकुल चालत गाठता येतं. शालेय स्पर्धा, राज्य स्पर्धा, मग देशातल्या ज्युनियर स्पर्धा असं सगळं भराभर झालं. बारावीनंतर ती व्यावसायिक स्पर्धांमध्ये उतरली आणि गाडी अडली. माझ्याकडे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आधी वडील एकटेच आले होते.

“मॅडम, सरावात अशी मारायली की बघत राहावं. मॅचला उभी राहिली की हात आखडायला. कोच म्हणायला, डोक्यात काहीतरी बसलंय. तेवढं काढून द्या.”

मी त्यांना आधी विचारलं, ती ज्या स्पर्धा खेळते त्यांची पायरी कोणती, हे माहीत आहे का? नव्हतं. बहुतेक पालकांना नसतं, म्हणून इथे सांगून टाकते. महिलांच्या व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे डब्ल्यू १५, एकूण बक्षीस १५ हजार डॉलरची स्पर्धा. मुख्य फेरीत बत्तीस मुली. पहिल्या सामन्यात हरणारीला दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात, गुण शून्य. पहिला सामना जिंकला तर एक गुण. विजेतीला १५ गुण आणि दोन हजार डॉलरच्या थोडं वर. म्हणजे विजेती मुलगीसुद्धा कोचचा प्रवास, राहणं, खाणं धरलं तर फारसं काही घरी नेत नाही. जागतिक क्रमवारीत नाव लागायचं तर तीन स्पर्धांत गुण हवेत किंवा एकूण किमान दहा गुण हवेत, आणि मिळालेला गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतो. बत्तीसपैकी सोळा जणी पहिल्याच सामन्यानंतर बॅगा भरतात. दर आठवड्याला, प्रत्येक गावात.

वडील म्हणाले, “म्हणजे ती हरायली ते काही जगावेगळं नाही?”

नाही. पण मुलीच्या बाबतीत गोष्ट नुसत्या हरण्याची नव्हती.

ती आली ती खुर्चीच्या कडेला बसली. पहिल्या काही भेटींत “ठीक आहे” आणि “माहीत नाही” यापलीकडे फार काही हाती लागलं नाही. जेवण कमी झालेलं, सामन्याच्या आदल्या रात्री झोप नाही. एका स्पर्धेत तिसऱ्या सेटमध्ये ५-२ ने पुढे, म्हणजे जिंकायला एकच गेम उरलेला असताना ती हरली होती आणि त्यावर तिनं घरात एक अक्षरही काढलं नव्हतं. मी आत्मविश्वासावर बोलले नाही. ‘सकारात्मक विचार कर’ हे वाक्य या मुलांनी इतकं ऐकलेलं असतं की ते कानावरून घरंगळून जातं. मी खेळाबद्दलच विचारलं.

“दोन पॉइंटच्या मध्ये किती वेळ असतो?”

“पंचवीस सेकंद.”

“त्यात काय करतेस?”

“टॉवेल घेते. रॅकेटच्या तारा सरळ करते.”

“आणि डोक्यात?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “हिशेब.”

“कसला गं?”

“खोलीचं भाडं, रेल्वेचं तिकीट, एन्ट्री फी, स्ट्रिंगिंग. तीस-चाळीसला दुसरी सर्व्हिस असली ना मॅडम, की वाटतं, ही जाळ्यात गेली की बाबांचे एवढे गेले. मग हात पुढेच जात नाही.”

तीस-चाळीसला दुसरी सर्व्हिसही चुकली तर गेमच हातचा जातो. हे ऐकलं आणि मला वाट दिसली. कोचला जे तंत्र बिघडल्यासारखं वाटत होतं, वडिलांना जे डोक्यात बसलेलं वाटत होतं, ते खरं तर कर्ज होतं. ही मुलगी समोरच्या खेळाडूशी खेळतच नव्हती. ती प्रत्येक पॉइंटला घराचं देणं फेडायला उभी राहत होती, आणि असं देणं तीस-चाळीसला उभं राहून कुणालाच फेडता येत नाही.

मी ज्या विचारधारेत वाढले ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केली. तिचं सार माझ्यापुरतं एवढंच आहे: माणसाचं कृत्य तोला, माणूस तोलू नका. सर्व्हिस वाईट पडली असं म्हणता येतं. सर्व्हिस वाईट पडली म्हणून मी वाईट मुलगी, असं म्हटलं की माणूस मोडतो. या वाटेनं मोकळी झालेली माणसं मी इतकी वर्षं पाहत आलेय, त्यामुळे माझा तिच्यावर पक्का विश्वास आहे. पण ही गोष्ट नुसती समजावून कुणाला पटत नाही. ‘जिंकले तरच मी चांगली’ ही अट मनात कुठून शिरली, ते त्या माणसाला स्वतःला दिसावं लागतं.

“हरल्यावर घरी काय बोलतात?” मी विचारलं.

“काहीच नाही. बाबा फोनवर विचारतात, ‘जेवलीस का?’ मग म्हणतात, ‘असू दे.’ त्यांच्या त्या ‘असू दे’नंतर मला आकडे ऐकू येतात.”

तिनंच मग आईच्या वहीचा उल्लेख केला. आई खर्च लिहून ठेवते म्हणाली. मी तिघांना एकत्र बोलावलं आणि येताना ती वही आणायला सांगितली.

लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, दुकानदाराकडे असते तशी. आईचं अक्षर नेटकं, निळ्या शाईतलं. तारीख, गाव, तिकीट, खोली, तारा, चेंडूचे डबे, औषध. वडिलांनी चष्मा लावला आणि पानं उलटायला लागले. चार-पाच पानांवर त्यांचं बोट थांबलं. उजव्या समासात, प्रत्येक स्पर्धेच्या बेरजेसमोर, पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. ‘प. फे.’ म्हणजे पहिली फेरी. ‘पात्रता, दुसरी’ म्हणजे मुख्य फेरीआधीच्या पात्रता सामन्यांतली दुसरी फेरी. पुन्हा ‘प. फे.’ आणि एका बेरजेसमोर फक्त ‘५-२ वरून’, खाली दोन रेघा, दुसरी इतकी दाबून ओढलेली की कागद फाटायला आला होता.

“हे पेन्सिलीचं कोणी लिहिलं?”

“मी नाही,” आई म्हणाली.

मुलगी जमिनीकडे बघत होती. “मी. कुठल्या पैशाचं काय झालं ते कळावं म्हणून.”

खोलीत कुणी बोलेना. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवणं हेच मोठं काम असतं.

वडीलच शेवटी म्हणाले, “बाळा, ही वही वसुलीसाठी नाही गं. कंपन्यांकडं मदतीचा अर्ज करायचा तर खर्च दाखवा म्हणतात. म्हणून तुझ्या आईला लिहायला लावलं.”

मी तेव्हा तो प्रश्न विचारला, जो ती मुलगी दोन वर्षं मनात धरून बसली होती. “भाऊ, तिनं उद्या रॅकेट खाली ठेवली तर पैसे बुडाले असं म्हणाल का?”

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. पटकन आलेलं ‘छे छे’ तिनं मानलंच नसतं.

“वाईट वाटंल,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू? पण दिले ते मी माझ्या मनानं दिले. २०१२ च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालून बाग धरली, तरी अर्धी झाडं वाळली. वाळल्या झाडाकडं कुणी पैसे मागितले का?”

तिला रडू फुटलं. रडतरडतच ती तडकली, “मग मी हरले की नुसतं ‘असू दे’ का म्हणता?”

“मग काय म्हणू? मला त्यातलं कळतंय का काही? पंधरा, तीस, अन् मग पंचेचाळीस सोडून चाळीस काहून, तेच मला अजून कळंना.”

ती हसली. नाक पुसत हसली. आणि मग त्या लाल वहीवर हात ठेवून तिनं वडिलांना तो ५-२ चा सामना सांगितला. वारा कुठून होता, समोरच्या मुलीनं उंच, संथ चेंडू मारायला कशी सुरुवात केली, आपण घाईला कशा आलो, शेवटच्या गेममध्ये पाय कसे जड झाले. वडील मधेमधे विचारत होते, “मग?” त्यांना निम्मं कळत नव्हतं. आईनं तिचा हात धरला होता. तो सामना तिच्या मनात पहिल्यांदा खेळ म्हणून उलगडला. तोवर तो फक्त एक रक्कम होता. मी मधे पडले नाही, घाईनं उपदेश ओतला नाही, याचं मला आजही समाधान आहे.

त्या घरात प्रेम कमी नव्हतं आणि पैशाचा हट्टही नव्हता. वडिलांना खेळातलं बोलता येत नव्हतं म्हणून ते गप्प राहायचे, आणि त्या गप्पपणात मुलीनं वहीतले आकडे भरले. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हेच असतं. आईबाप न बोललेलं लेकरं ऐकतात, आणि स्वतःला जे सगळ्यांत असह्य तेच ऐकतात.

म्हणून पहिलं सांगणं असं, की पैशाचा निर्णय आणि सामना यांची गाठ सोडवा. पैसा किती, किती काळ आणि पुन्हा कधी बसायचं, हे मोठ्यांनी मुलीला सोबत घेऊन एकदा ठरवावं. कागदावर लिहावं. मधल्या काळात, जिंकली तरी आणि हरली तरी, तो विषय कुणी काढायचा नाही. या घरानं एका हंगामाचं ठरवलं. हंगाम संपल्यावर बघायचं ते असं: मुख्य फेरीत किती वेळा पोचली, शरीर साथ देतंय का, आणि सगळ्यात आधी, तिला अजून खेळायचंय का. गेलेला पैसा त्या बैठकीत बसवायचा नाही. खेळ चालू ठेवला तरी तो परत येत नाही आणि बंद केला तरी येत नाही, त्याला पुढच्या निर्णयात मत देऊ नका.

दुसरं, काळाचा अंदाज. भारताची टेनिसपटू अंकिता रैना पुण्यात घडली, २००९ च्या सुमारास व्यावसायिक झाली आणि एकेरीच्या जागतिक क्रमवारीत १६० हे तिचं सर्वोत्तम स्थान २०२० मध्ये आलं. अकरा वर्षं. सानिया मिर्झा २००३ मध्ये व्यावसायिक झाली आणि २००५ मध्येच हैदराबादची डब्ल्यूटीए, म्हणजे महिला टेनिसच्या वरच्या पायरीची स्पर्धा जिंकली, तेव्हापासून आपल्याला वाटतं, सगळ्यांचं असंच होतं. होत नाही. आणि वाटही एकच नसते. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले अमेरिकेच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकत तिथल्या संघाकडून खेळली, आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिनं रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. शिक्षण सोडणं ही खेळाची अट नाही. आमच्या मुलीनं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं आणि तिच्या खांद्यावरचं अर्धं ओझं त्या प्रवेशाच्या पावतीनं उतरलं.

ज्यांच्या मुली अजून लहान आहेत त्यांनी घाई करू नये. अमेरिकेची टेनिसपटू जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये, चौदाही पूर्ण नसताना व्यावसायिक झाली, १९९२ ला ऑलिंपिक सुवर्ण जिंकली आणि पुढच्या दोन वर्षांत खेळापासून तुटली. अशा उदाहरणांनंतरच अठराच्या आतल्या मुलींनी वर्षाला किती व्यावसायिक स्पर्धा खेळाव्यात यावर मर्यादा आल्या. ती पुढे परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच दोन्ही जिंकली, हेही खरं. पण मधली वर्षं तिला जी गेली ती कुठल्या आईबापाला आपल्या लेकीसाठी हवी असतील?

हरल्यावर काय बोलायचं, असं मला हमखास विचारतात. आधी तिला खाऊ द्या. स्कोअर तुम्हाला फोनवर कळलेला असतोच, तो पुन्हा विचारू नका. ती सांगेल तेव्हा ऐका, आणि कळलं नाही तर सरळ म्हणा की कळलं नाही, सांग. कोचचं काम कोचला करू द्या.

काही खुणा मात्र समुपदेशनावर सोडू नयेत. जेवण सतत तुटतंय, तीन महिने पाळी आलेली नाही, आठवडेच्या आठवडे झोप नाही, तर डॉक्टरांना दाखवा. खेळाडू मुलींची पाळी जाते ती पुष्कळदा कमी खाण्यामुळे, आणि पुढे हाडांवर त्याचा परिणाम होतो. जगण्यात अर्थ नाही असं ती बोलली तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलतात.

मुलीसोबत त्या पंचवीस सेकंदांवरही आम्ही काम केलं. पॉइंट संपला की समोरचीकडे पाठ, तारांकडे नजर, एक लांब श्वास आणि फक्त एकच निर्णय: पुढचा चेंडू कुठे टाकायचा. आकडे येतात तेव्हा त्यांच्याशी भांडायचं नाही. ‘ही आईची वही आहे, इथे तिचं काम नाही’ एवढंच मनात म्हणून चेंडू उचलायचा.

त्यानंतरच्या स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. त्या रात्री तिनंच वडिलांना फोन लावला आणि अर्धा तास बोलली. काही महिन्यांनी मुख्य फेरीतला पहिला सामना जिंकली, पहिला गुण मिळाला. क्रमवारीत अजून नाव नाही. हंगामाची बैठक गुढीपाडव्यानंतर ठरली आहे. वडिलांनी मलाही यायचा आग्रह केला होता. मी नाही म्हणून कळवलंय. आता ते तिघं माझ्याशिवाय बोलू शकतात.