सरासरी चांगली, तरी ठरावीक रुग्णच मागे का पडतात?

दवाखान्यातल्या मधुमेहींची एकूण साखर आटोक्यात दिसते, पण गरीब आणि वेगळी भाषा बोलणारे रुग्ण फेरतपासणीला येत नाहीत, मग सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न आहे. जनजागृतीच्या पोस्टरांपासून तर नकोच.

आधी आकडे फोडा. भाषा, लिंग, वय, घरापासूनचं अंतर, अपंगत्व आणि पैसे कोण भरतं, एवढ्या नोंदी पुरतात. भाषा रुग्णाला विचारूनच लिहा. नाव बघून अंदाजाने भरलेला रकाना कुचकामी. मग प्रत्येक गटात मोजा: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) किती जणांना सांगितली, किती जणांनी केली, रिपोर्ट किती जणांना कळला, गरज असताना औषध किती जणांचं बदललं. गळती ज्या पायरीवर, उपाय तिथेच. गट लहान असेल तर महिन्याचे टक्के काढू नका, दोन-चार माणसांनी ते वरखाली होतात. वर्षाचे आकडे एकत्र घ्या.

भाषेपाशी अडत असेल तर रुग्णाच्या मुलाला दुभाषा करू नका. तो अवघड भाग गाळतो, आणि आई त्याच्यासमोर लघवीच्या जागेची तक्रार सांगत नाही. प्रशिक्षित दुभाषा घ्या, फोनवरचाही चालेल. त्या भेटीला वेळ मात्र जादा ठेवा, नाहीतर घाईत त्यालाच टाळलं जातं. ‘समजलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ असंच उत्तर येतं. त्यापेक्षा इन्सुलिनचं पेन रुग्णाच्या हातात द्या: युनिट बरोबर फिरवतात का, बटण पूर्ण दाबून १० आकडे मोजेपर्यंत सुई आत ठेवतात का, ते लगेच दिसतं. चुकलं तर पुन्हा सांगा, पुन्हा करून घ्या.

सॉफ्टवेअर ‘जास्त जोखमीचे’ रुग्ण निवडत असेल तर ते कशावरून, हे विचारा. अमेरिकेत वापरात असलेली अशी एक प्रणाली खर्चावरून गरज ठरवत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळात खर्चच कमी झालेला, म्हणून तितकेच आजारी असूनही ते यादीत खाली राहिले. २०१९ साली हे उघड झालं. पल्स ऑक्सिमीटरचंही तसंच, गडद त्वचेवर तो ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो. आकडा बरा पण धाप लागलेली, अशा वेळी धमनीतल्या रक्ताची तपासणी करा.

आणि सलग भेटी चुकवल्या की नाव कमी करायचा नियम असेल तर तो आधी थांबवा. तो नेमका याच लोकांना बाहेर काढतो. फोन करून कारण विचारा. मजुरी बुडते म्हणाले, तर रक्त, डोळे आणि पाय एकाच फेरीत तपासा, शक्यतो संध्याकाळी.