ठाण्याच्या बाल्कनीत ब्लूबेरी? आधी जातीचं नाव विचारा

प्रश्न: घोडबंदर रोडला आमची मोठी बाल्कनी आहे, सकाळपासून दुपारपर्यंत छान ऊन येतं. मुलींना ब्लूबेरी फार आवडते, पण त्या छोट्या डबीचा भाव परवडत नाही. ऑनलाइन ‘ब्लूक्रॉप’ नावाचं रोप दिसतंय, घेऊ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ताई, हे रोप घेऊ नका. ब्लूक्रॉप जात चांगली आहे, पण ती थंड मुलखातली. या झाडाला हिवाळ्यात साधारण ७ अंशांच्या खालची थंडी ठराविक तास मिळाली की मगच नीट फुलं धरतात, आणि ब्लूक्रॉपसारख्या जातींना असे आठशे-हजार तास लागतात, आपल्या ठाण्यात तर जानेवारीतल्या पहाटेसुद्धा पारा तिथपर्यंत उतरत नाही. मग झाड काही दिवस हिरवं राहतं, तुम्ही कौतुकाने पाणी घालत राहता आणि फूल काही येत नाही.

लावायचीच तर कमी थंडीत फळणारी जात शोधा. बिलॉक्सी, मिस्टी, शार्पब्लू, सनशाइन ब्लू ही नावं लिहून ठेवा. त्यातली बिलॉक्सी अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९८ मध्ये मिसिसिपी राज्यात आणली आणि पुढे पेरू देशाच्या किनाऱ्यावर, जिथे कडाक्याची थंडी पडतच नाही, तिथे तिच्या जोरावर एवढी लागवड झाली की तो देश आज ब्लूबेरीच्या निर्यातीत सगळ्यात पुढे आहे. पण तिथला किनारा कोरडा आहे आणि आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, त्यामुळे तिथल्यासारखं पीक येईल असं मी सांगणार नाही. मुलींना स्वतःच्या हाताने तोडून खाता येतील इतकी फळं आली तरी छान समजा. शक्य असेल तर दोन वेगळ्या जातींची रोपं शेजारी ठेवा, फळं जास्त आणि मोठी धरतात. आणि नर्सरीवाला नुसतं “ब्लूबेरी आहे, येते सगळीकडे” म्हणाला, जातीचं नाव काही सांगता आलं नाही, तर सरळ रिकाम्या हाताने परत या.

प्रश्न: खारघरला गच्चीत बिलॉक्सी लावली आहे. नवीन पानं पिवळी पडतायत, शिरा मात्र हिरव्या आहेत. शेणखत घातलं, अंड्याची टरफलं कुटून घातली, चुलीची राख पण घातली, काही फरक नाही. काय कमी पडतंय?

उत्तर: दादा, टरफलं आणि राख आजच बंद करा. कमी काही पडत नाहीये, माती चुकतेय. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही कोवळ्या पानांत, म्हणजे झाडाला लोह घेता येत नाहीये. लोह मातीत असतं, पण ब्लूबेरीला ते आम्लधर्मी मातीतूनच उचलता येतं, पीएच (मातीच्या आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकी माती आंबट) साडेचार ते साडेपाचच्या मधे पाहिजे, आणि टरफलं, राख, चुना, बांधकामाचा रॅबिट हे सगळं पीएच वर नेतं. अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ही आम्ल मातीची गोष्ट शोधून काढली, मग एलिझाबेथ व्हाइट या शेतकरी बाईंबरोबर काम करून १९१६ मध्ये न्यू जर्सीत लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात आणलं. त्याआधी लोक जंगलातलीच फळं तोडून आणायचे, कारण चांगल्या खतावलेल्या बागेच्या मातीत हे झाड जगायचंच नाही.

तुम्ही कुंडी रिकामी करा. ही मुळं केसासारखी बारीक असतात आणि वरच्या थरातच पसरतात, म्हणून खोल बादलीपेक्षा पसरट कुंडी घ्या, पंधरा-अठरा इंच रुंद. निम्मं पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा कुजलेला भुगा), बाकी धुतलेलं कोकोपीट आणि पाइनच्या सालीचा चुरा, साल मिळाली नाही तर भाताचं तूस. पीट मॉस महाग पडतं पण इथे काटकसर करू नका, कारण खरा आंबटपणा त्याच्यातच आहे. पीएचच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, थोडी माती डिस्टिल्ड वॉटरमधे ढवळा, निवळू द्या आणि पट्टी बुडवून बघा. आकडा साडेपाचच्या वर असेल तर थोडी गंधक पावडर मिसळा, पण मातीतल्या जिवाणूंनी ती पचवायला काही महिने लागतात, लगेच फरक दिसला नाही म्हणून दुप्पट टाकू नका. खत म्हणून अमोनियम सल्फेट, तेही चिमूटभर, ओल्या मातीत. लिंबू नाहीतर व्हिनेगर पाण्यात घालून काही जण देतात, त्याचा परिणाम टिकत नाही. पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवता आलं तर फार उत्तम.

प्रश्न: नेरूळला अकराव्या मजल्यावर झाडाला फुलं येतात पण गळून जातात. औषध मारू का?

उत्तर: अजिबात नको, होत्या त्या माश्याही जातील. ब्लूबेरीचं फूल उलट्या घागरीसारखं असतं, तोंड खाली आणि बारीक, आणि परागकण आतल्या नळीच्या टोकाच्या भोकातून हलवल्यावर पडतात. भुंग्यासारख्या माश्या फुलाला लटकून गुणगुणतात तेव्हा ते झडतात. तुमच्या उंचीवर त्या कमीच येत असणार. जुना इलेक्ट्रिक टूथब्रश घ्या, सकाळी दहाच्या सुमाराला देठाला मागून दोन सेकंद टेकवा, खाली नखावर पिवळसर भुकटी पडते, ती दुसऱ्या फुलाच्या तोंडातून बाहेर डोकावणाऱ्या टोकाला लावा. रोप अगदी लहान असेल तर मात्र पहिल्या वर्षी फुलं खुडून टाका, आधी अंग धरू दे. आणि फळ निळं दिसलं की लगेच तोडू नका, देठापाशी लालसर कडा असेल तर अजून काही दिवस थांबा, तोडल्यावर ते गोड होत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात कुंडी कुठे ठेवू?

उत्तर: छपराखाली, पण उजेडात. खाली प्लेट ठेवू नका, पाणी साचलं की मुळं कुजतात. एप्रिल-मेमधे दुपारच्या उन्हाला हिरवी नेट बांधा.

प्रश्न: डबीतल्या फळांच्या बिया मुलाने रुजत घातल्यात. येईल का झाड?

उत्तर: बी रुजेल, पण फळाला वर्षं लागतील आणि ते त्याच जातीचं निघणार नाही. त्याचा उत्साह मोडू नका, फक्त शेजारी तुतीची फांदी खोचा, पावसाळ्यात ती सहज लागते आणि छाटली, पानं काढली की नव्या फुटीबरोबर फळं घेऊन येते. आणि मला मनापासून वाटतं की एक कुंडी करवंदाची असावीच. येऊरच्या डोंगरात ती आपोआप वाढते, तिला आपला पाऊसही चालतो आणि ऊनही. मेमधे स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानाच्या द्रोणात विकतात, तीच पिकलेली करवंदं आणून बी ताजं असतानाच पेरा, वाळवून ठेवलं तर उगवत नाही. काटे मोठे असतात, म्हणून कुंडी मुलं खेळतात त्या बाजूला नको, ग्रीलच्या कोपऱ्यात ठेवा.