फवारणीवाल्याचं रक्त आणि बांधावरची साळुंकी

प्रश्न : सर, आमची यवतमाळ जिल्ह्यात कपाशी असते. मागच्या सीझनला फवारणी करताना लहान भावाला विषबाधा झाली, चार दिवस ॲडमिट होता. आता ठणठणीत आहे, तरी डॉक्टर म्हणतात कोलिनेस्टरेज कमी आहे, तीन-चार महिने पंपाला हात लावू नको. बरा झाला तर मग कमी कसं? आणि त्याच आठवड्यात बांधावर तीन साळुंक्या मरून पडल्या होत्या, त्यांच्या रक्तातूनही कळलं असतं का?

उत्तर : दादा, डॉक्टर बरोबर बोललेत, ऐका त्यांचं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस असली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमला (शरीरातली कामं घडवणारं प्रथिन, कोलिनेस्टरेजचाच एक प्रकार) चिकटून बसतात आणि त्याला निकामी करतात. या एन्झाइमचं काम काय, तर नसेनं स्नायूला निरोप दिला की तो लगेच पुसून टाकायचा. पुसणाराच गेला की निरोप साचत जातात, मग तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंग फडफडतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात, माणूस जातो तो त्यानं.

आता हेच एन्झाइम आपल्या लाल पेशींवरही असतं. जिवंत माणसाचा मेंदू काही काढून बघता येत नाही, म्हणून रक्त बघायचं. पण माणसाची लाल पेशी बोनमॅरोतून बाहेर पडायच्या आधीच आपलं केंद्रक (पेशीतला गोळा, एन्झाइम बनवायचा नकाशा त्यातच असतो) टाकून देते आणि केंद्रक गेलं की नवीन एन्झाइम बनवायची सोयच संपली. म्हणजे त्या दिवशी ज्या पेशीचं एन्झाइम कायमचं अडकलं ती मरेपर्यंत तशीच फिरणार. पेशी जगते साधारण 120 दिवस, रोज जेमतेम 1 टक्का नव्या येतात, करा हिशोब. तोवर भाऊ परत फवारणीला गेला तर यावेळी थोड्याशा औषधानंच आडवा होईल. (रिपोर्टवर ‘सिरम’ कोलिनेस्टरेज लिहिलं असेल तर ते वेगळं हं, ते लिव्हर बनवतं आणि काही आठवड्यांत भरून येतं. एकदा कागद काढून बघा.)

साळुंकीचं मात्र गणितच निराळं. कॉलेजात मी पहिल्यांदा कोंबडीच्या रक्ताची स्लाइड जिम्सा नावाचा रंग लावून बघितली तेव्हा वाटलं आपण काहीतरी घोळ घातला, कारण सगळ्या लाल पेशी लांबट अंडाकृती आणि प्रत्येकीच्या पोटात जांभळा ठिपका. ते केंद्रक. माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं पेशी मोजायचं मशीनही असंच फसतं, केंद्रकवाल्या लाल पेशी पांढऱ्यांत धरतं आणि भलताच आकडा देतं, म्हणून पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशी अजून मायक्रोस्कोपखाली हातानंच मोजतात.

तुम्ही म्हणाल केंद्रक आहे तर एन्झाइम पटकन परत बनत असेल. मलाही असंच वाटायचं. पण पक्ष्याच्या लाल पेशीवर हे एन्झाइम जवळपास नसतंच! त्यामुळे पक्षी जिवंत असेल तर प्लाझ्मा (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरतो तो पातळ भाग) तपासायचा आणि मेलेला असेल तर मेंदू. त्याच जातीच्या निरोगी पक्ष्याच्या निम्म्याहून खाली आकडा आला तर औषधानंच मेला असं धरतात. अर्जेंटिनात 1995-96 मध्ये उत्तर अमेरिकेतून हिवाळ्याला आलेले स्वेन्सन्स हॉक नावाचे शिकारी पक्षी शेतात हजारोंनी मेले, नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस मारलं होतं आणि तेच नाकतोडे या पक्ष्यांनी खाल्ले. पुढच्या वेळी मेलेला पक्षी दिसला तर उघड्या हातानं उचलू नका, पिशवी उलटी करून घ्या, बर्फात ठेवा आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, उन्हात पडलेल्या मेंदूचा काही उपयोग होत नाही.

प्रश्न : दाताच्या ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रक्त पातळ करायची 75 ची ॲस्पिरिन बंद करायला सांगतात ते का? एक दिवस पुरणार नाही का?

उत्तर : नाही पुरणार, ताई. वरचीच गोष्ट आहे ही. ॲस्पिरिन प्लेटलेटमधलं (रक्त गोठवणाऱ्या कणांमधलं) सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम कायमचं बंद पाडतं आणि प्लेटलेटलाही केंद्रक नाही, म्हणजे दुरुस्ती नाहीच. ती 7 ते 10 दिवस जगते, नव्या येईपर्यंत थांबायचं. (पक्ष्यांत प्लेटलेटच्या जागी थ्रॉम्बोसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांना केंद्रक असतं.) पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, आधी हार्टवाल्या डॉक्टरांना फोन करा. स्टेंट बसवलेला असेल तर दातासाठी बरेचदा बंद करतच नाहीत.