काळा बिबट्या आपला, जग्वार अमेरिकेचा

प्रश्न : आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. काजूच्या बागेतून एक काळंकुट्ट जनावर चालत जातं. कोणी म्हणतं जग्वार, कोणी ब्लॅक पँथर, माझे सासरे म्हणतात वाघच तो. मुलांना एकटं शाळेत पाठवायला बायका घाबरायला लागल्या आहेत. जग्वार आणि पँथर यांच्यात फरक काय? आणि हे जनावर आमच्याकडे आलं कुठून?
(एक वाचक, देवगड तालुका)

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण घाबरलेल्या माणसाला ते आधी हवं असतं. ते जनावर कुठूनही आलेलं नाही, ते इथलंच आहे. आपल्या रानात एवढं मोठं, मांजराच्या घडणीचं, अंगभर काळं जनावर एकच : काळा बिबट्या. सासऱ्यांचंही चुकलेलं नाही. आपल्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि पट्ट्यांचा असेल तर पट्टेरी वाघ.

जग्वार तो असूच शकत नाही. जग्वारची वस्ती मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत. त्याचे पूर्वज फार पूर्वी, आशिया आणि अलास्का यांच्यामध्ये जमीन उघडी होती तेव्हा, इकडून तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. भारतात तो पिंजऱ्याबाहेर कुठेही नाही.

पँथर नावाचं वेगळं जनावर मात्र जगात नाही. आपल्याकडचे जुने शिकारी बिबट्यालाच पँथर म्हणत. दक्षिण अमेरिकेत काळा जग्वार दिसला की त्याला ब्लॅक पँथर म्हणतात. अमेरिकेत फ्लोरिडाचा म्हणून जो पँथर सांगतात तो प्यूमा, एकरंगी, फिकट तपकिरी. काळा प्यूमा आजवर खात्रीने कोणाला मिळालेला नाही. तेव्हा तुमच्या ग्रुपवर ब्लॅक पँथर म्हणणाऱ्यांचं बरोबर आहे, जग्वार म्हणणाऱ्यांचं चूक. वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या आणि जग्वार ही पाचही मोठी मांजरं शास्त्रज्ञ ‘पँथेरा’ या एकाच गटात धरतात. प्यूमा त्यात बसत नाही.

खरा फरक विचारायचा तर तो बिबट्या आणि जग्वार यांच्यातला विचारायला हवा, आणि तो सुरेख आहे. रंग बाजूला ठेवा, ठिपके बघा. बिबट्याच्या पाठीवर, कुशीवर छोट्या छोट्या तुटक कड्या असतात, एकमेकींना लागून, आणि प्रत्येक कडीच्या आत रिकामं. जग्वारच्या कड्या मोठ्या, संख्येने कमी, कोनाकोनांच्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कड्यांच्या आत एक किंवा दोन-तीन काळे टिंब. फोटो हातात असेल तर एवढ्यावरच निकाल लागतो.

अंगाची घडणही वेगळी. जग्वार म्हणजे आखूड पायांचा, रुंद छातीचा, मोठ्या डोक्याचा गडी. ब्राझीलच्या पँटानालच्या पाणथळ प्रदेशातले नर शंभर किलोच्या पुढे जातात. आपला बिबट्या सडसडीत. नर साधारण पन्नास ते सत्तर किलोंचा, मादी त्याहून बरीच हलकी. शेपूट मात्र बिबट्याची लांब, कारण तो झाडावर चढणारा, तोल सांभाळणारा. शिकार करण्याची तऱ्हा पाहिली की या घडणीचा अर्थ लागतो. बिबट्या भेकराचा किंवा रानडुकराच्या पिल्लाचा गळा धरतो आणि श्वास कोंडून मारतो. जग्वार कितीदा तरी सरळ कवटीत सुळे घालतो. नदीत उतरून केमन जातीच्या मगरी मारतो, कासवाची पाठ फोडतो. एवढ्या ताकदीच्या जबड्याला मोठं डोकं लागणारच. पोहता बिबट्यालाही येतं, पण पाण्यात शिरून शिकार करणं हा जग्वारचा रोजचा व्यवहार आहे. आवाजावरून मात्र ओळखायला जाऊ नका. दोघांचाही आवाज लाकडावर करवत ओढावी तसा, खर्र खर्र, थांबून थांबून येतो.

आता तुम्ही म्हणाल, काळ्यावर ठिपके कुठे दिसणार? दिसतात. मी पशुवैद्यकीय खात्यात नोकरी केली. बिबट्या अडकला की वनखात्याची गाडी मला न्यायला यायची. एकदा सावंतवाडीच्या बाजूला एक काळी मादी रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत सापडली होती. भुलीचं इंजेक्शन लागू झाल्यावर मी तिच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं आणि तपासायला बसले. समोरून बॅटरी मारली तर सगळं काळं. बॅटरी जमिनीलगत धरून उजेड तिरका टाकला आणि कुशीवर कड्याच कड्या उमटल्या, काळ्यावर आणखी काळ्या, आतून रिकाम्या. केस बोटांनी बाजूला केले तर जिथे ठिपका तिथला केस मुळापासून गडद, आणि मधला केस जरा भुरा. उन्हातही त्या अशाच दिसतात. रात्री लावलेल्या कॅमेऱ्यांचा इन्फ्रारेड उजेड पडला की त्या इतक्या स्पष्ट येतात की त्यांवरून एक काळा बिबट्या दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. तुमच्या व्हिडिओतलं जनावर उन्हात आलं असेल तिथे चित्र थांबवा, मोठं करा आणि कुशीकडे बघा.

त्या मादीचं पुढचंही सांगते, कारण मला ते सांगायचंच आहे. फासकी मोटरसायकलच्या क्लचच्या वायरची होती. ती कमरेत, बरगड्यांच्या मागे आवळली होती. जनावर जितकं ओढतं तितकी ती आत जाते. वरची कातडी कधी कधी फाटतही नाही, पण आत मार लागलेला असतो, तडफडून तडफडून स्नायू मोडलेले असतात, अंगातली उष्णता चढत जाते. आम्ही तिच्या अंगावर पाणी ओतत होतो, आणि पंचवीस पावलांवर मोबाईल उंच धरून माणसं ओरडत होती, ‘जग्वार गावला, जग्वार गावला!’ भुलीतल्या जनावराला ऐकू येतं. प्रत्येक आरोळीला तिचा कान हलत होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. बिबट्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. काळा काय, ठिपक्यांचा काय, त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. फासकी लावणं गुन्हा आहे, मग ती डुकरासाठी का असेना.

म्हणून ताई, तो व्हिडिओ पुढे पाठवू नका, आणि कोणत्या बागेतला आहे ते तर मुळीच लिहू नका.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या गावाजवळच्या रानात ठिपक्यांच्या मादीबरोबर दोन पिल्लं दिसली, एक ठिपक्यांचं आणि एक काळं. काही जण म्हणाले, काळ्याचा बाप वेगळ्या जातीचा असणार. हे खरं का?
(एक विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : खरं नाही, आणि तू विचारलंस ते फार बरं केलंस. जात एकच. रंग ठरवणाऱ्या एका जनुकाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव एएसआयपी. प्रत्येक पिल्लाला या जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. बदललेली प्रत दोन्हीकडून आली तरच बिबट्याचं पिल्लू काळं होतं. एकच आली तर ते दिसायला ठिपक्यांचंच राहतं, पण ती प्रत त्याच्या अंगात असते. अशा दोन ठिपक्यांच्या बिबट्यांची पिल्लं झाली तर प्रत्येक पिल्लू काळं निघण्याची शक्यता चारात एक. तू सांगतोस त्या मादीच्या अंगात ती एक प्रत नक्की आहे, आणि नराच्या अंगातही.

घरच्या मांजरांतही हेच जनुक काम करतं. दोन पट्टेरी मांजरांना काळंभोर पिल्लू झालेलं तू पाहिलं असशील.

जग्वारमध्ये उलट आहे. तिथे दुसरंच जनुक, एमसी१आर, आणि त्याची बदललेली एक प्रत पुरते. म्हणून काळ्या जग्वारच्या आईबापांपैकी निदान एक काळा असावाच लागतो. दोन ठिपक्यांच्या जग्वारांना काळं पिल्लू होत नाही. विचार कर, दोन खंडांत, दोन वेगळ्या वाटांनी, दोन जनावरं काळी झाली, आणि लांबून पाहणाऱ्याला ती एकच वाटतात. नोकरीत असताना मी हे पहिल्यांदा वाचलं, त्या दिवशी जो भेटेल त्याला सांगत सुटले होते.

काळे बिबटे सगळीकडे सारखे आढळत नाहीत. जिथे रान ओलं, दाट आणि अंधारं, तिथे ते जास्त. आपला सह्याद्रीचा पट्टा तसाच आहे. खाली कर्नाटकात दांडेली, काबिनी इथेही ते आहेत. मलेशियाच्या द्वीपकल्पात तर जवळजवळ सगळेच बिबटे काळे. उघड्या, कोरड्या माळावर मात्र ते क्वचितच. अंधाऱ्या रानात काळा रंग लपायला उपयोगी पडत असावा, हे त्याचं सगळ्यांत पटणारं कारण आहे. काळा म्हणून तो जास्त चिडखोर किंवा जास्त ताकदवान असतो, असं काही नाही.

पुन्हा ती पिल्लं दिसली तर त्यांच्या मागे जाऊ नकोस. आई जवळच असते.

प्रश्न : विहिरीत बिबट्या पडला तर वनखात्याची माणसं येईपर्यंत गावाने काय करावं?
(एक बागायतदार, गुहागर)

उत्तर : आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन. मग माणसं मागे न्यायची, कुत्री बांधायची, फटाके अजिबात नाहीत. रात्र असेल तर विहिरीत सतत बॅटऱ्या मारत बसू नका. बिबट्या पोहतो, पण कठडा गुळगुळीत असला तर पोहून पोहून दमतो आणि बुडतो. कपारीत टेकला असेल तर त्याला तिथेच राहू द्या. टेकायला काही नसेल तर दोघांनीच पुढे व्हायचं आणि जाड फळी किंवा बाज दोन टोकांना दोर बांधून, आडवी, सावकाश पाण्यावर सोडायची. दोर रहाटाला किंवा झाडाला बांधायचे, हातात धरून उभं राहायचं नाही. शिडी सोडू नका, तो तिच्यावरून थेट गर्दीत येईल. फळी तरंगायला लागली की तो आपण होऊन तिच्यावर चढतो, आणि पिंजरा येईपर्यंत तेवढा आधार त्याला पुरतो.