जीसीएसई: गणिताचा पेपर कुठला, ते आधी विचारा

इंग्लंडात नव्याने आला आहात, तर जीसीएसईला (सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालेय परीक्षांना) सरळ ‘इथली दहावी’ समजू नका. टक्केवारी विसरा. विषयागणिक 9 ते 1 श्रेणी मिळते, 9 सगळ्यांत वरची. 4 आणि त्यावर म्हणजे लेव्हल 2 (लेव्हल म्हणजे इथल्या पात्रतेची पायरी), खाली लेव्हल 1. ए-लेव्हल (जीसीएसईनंतरची, आपल्या बारावीच्या जागची परीक्षा) ही लेव्हल 3, तिथे बहुतेक मुलं तीनच विषय घेतात (हे गावाकडच्या आजोबांना पटवणं तुमच्याकडे लागलं!).

खरी मेख गणितात आहे. मुलाला फाउंडेशनच्या (सोप्या) पेपरला बसवणार की हायरच्या (अवघड), हे शाळेत आत्ताच विचारा. फाउंडेशनला पोरगं कितीही चमकलं तरी 5च्या वर जात नाही, आणि ए-लेव्हलच्या गणिताला बहुतेक ठिकाणी त्याहून वरची श्रेणी मागतात, म्हणजे ते हातचं गेलंच. आणि गणित किंवा इंग्रजीत 4 हुकला, तर सोळाव्या वर्षानंतरही तो विषय पाठ सोडत नाही.